डोंगर कोणत्या महिन्यात कुणाचा: कोल्हापूरजवळच्या एका सायकलवाटेचं प्रकरण

कोल्हापूरहून जोतिबा-पन्हाळ्याकडे निघालं की डांबरी रस्ता सोडून डोंगरात शिरणाऱ्या वाटा जागोजागी लागतात. काही गुरांच्या पायांनी पडलेल्या, काही चैत्रात सासनकाठी घेऊन जोतिबाला जाणाऱ्या गावकऱ्यांच्या, काही म्हणजे वनखात्याने वणवा अडवायला साफ ठेवलेल्या जाळरेषा. या वाटांवर आता माउंटन बाइकचे रुंद टायर उमटू लागले आहेत. त्यांना अधिकृत वाट द्यायची का, द्यायची तर कुणी आणि कुणाला विचारून, हा या प्रकरणाचा विषय आहे.

प्रकरणातलं गाव नकाशावर सापडणार नाही. पन्हाळा आणि करवीर तालुक्यांच्या डोंगराळ भागात असा प्रस्ताव आला की जे प्रश्न उभे राहतात, ते एका गावावर रचून मी इथे मांडले आहेत, म्हणजे अभ्यासाला एकच धागा राहतो. कायदे, तरतुदी आणि इतर ठिकाणचे दाखले मात्र जसे आहेत तसेच दिले आहेत.

डोंगर आणि त्यावरची माणसं

पायथ्याला गाव, गावाभोवती ऊस आणि भात, त्यावर गायरान. गायरान संपलं की वनखात्याचे हद्दीचे दगड लागतात. तिथून वर राखीव वन. गावात त्याला सरळ ‘फॉरेस्ट’ म्हणतात. उतारावर वनखात्याने सलग समतल चर खणून रोपं लावलेली आहेत. माथ्यावर जांभ्या कातळाचा सडा, सड्याच्या एका कडेला देवाची राई आणि पाठीमागच्या अंगाला मोजक्या घरांचा धनगरवाडा.

कागदावर ही सगळी जमीन सरकारची. प्रत्यक्षात तिच्यावर रोज कुणी ना कुणी कामाला असतं. गवत, जळण, करवंदं, गुरं-शेरडांची चराई, देवाचं जाणं-येणं. सायकलवाटांच्या नियोजनाचा जो अनुभव बाहेरून आपल्याकडे येतो, तो या बाबतीत वेगळ्या मातीतला आहे. माउंटन बाइकिंगची सुरुवात १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीच्या डोंगरांत झाली आणि तिथे भांडण लागलं ते पायी चालणारे, घोडेस्वार आणि सायकलस्वार यांच्यात. वाटा सायकलींना बंद होऊ लागल्या, म्हणून १९८८ साली सायकलस्वारांनी आंतरराष्ट्रीय माउंटन बायसिकलिंग असोसिएशन स्थापन केली. तिथल्या वादातले बहुतेक सगळे पक्ष फिरायला आलेले होते. आपल्या डोंगरावर एक पक्ष फिरायला आलेला असतो आणि दुसरा पोटासाठी आलेला असतो. नियोजनाची सगळी पद्धत या फरकावर बेतावी लागते.

सायकलस्वारांबद्दलही नीट सांगायला हवं. कोल्हापुरात पहाटे उठून पन्हाळ्याचा घाट चढणारी मंडळी पुष्कळ आहेत. त्यांच्यातल्याच काहींनी जाड टायरच्या, पुढे शॉकअप असलेल्या सायकली घेतल्या आणि मातीच्या वाटा शोधल्या. यात डॉक्टर आहेत, उद्यमनगरातल्या कारखान्यांत काम करणारे आहेत, कॉलेजची मुलं आहेत. डोंगरावर त्यांचा जीव आहे. वणवा लागला की झाडाच्या ओल्या फांद्या घेऊन विझवायला गेलेलेही त्यांच्यात आहेत. त्यांना हवी होती एक आखलेली, खुणा केलेली फेरी: गायरानातून चढायचं, राखीव वनातून आडवं जायचं, सड्यावरून पलीकडे आणि धनगरवाड्याच्या अंगाने लांबलचक उतार.

ठराव झाला, संमती झाली नाही

त्यांनी वाट मोबाइलवर रेकॉर्ड केली, उपग्रहाच्या छायाचित्रावर रेघ ओढली, सुबक सादरीकरण केलं आणि अर्ज वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात दिला. एक प्रत ग्रामपंचायतीला. वनखात्याने विचारलं, गावाचं म्हणणं काय? म्हणून १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय आला. तो विषयपत्रिकेवर नव्हता. ‘ऐनवेळी येणारे विषय’ या सदरात शेवटी घेतला गेला. सकाळचं झेंडावंदन, मग सभा. बायका तोवर घरी परतलेल्या. धनगरवाड्यावरून त्या दिवशी कुणी उतरलं नव्हतं, आषाढ-श्रावणाच्या पावसात ओढा ओलांडून कोण येतो? पर्यटन वाढेल, पोरांना चार पैसे मिळतील, एवढं ऐकून ठराव मंजूर झाला. सूचक, अनुमोदक, सह्या.

नियमाला धरून पाहिलं तर त्यात फारशी खोट काढता येत नाही. ग्रामसभेची गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा १०० मतदार यांपैकी जी संख्या कमी असेल ती. ती झालेली. पण ज्यांचा डोंगराशी रोजचा संबंध, त्यांतलं जवळपास कुणी सभेत नव्हतं. नियमित ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा घ्यायची तरतूद महाराष्ट्रात आहे. तिच्यापुढे तर हा विषय गेलाच नाही, कारण तो ऐनवेळचा होता. ऐनवेळच्या विषयात जमिनीच्या वापराचा निर्णय घेणं हे मला या सगळ्या प्रकरणातलं मूळ दुखणं वाटतं. त्यात कुणाची लबाडी होती असंही नाही. सगळ्यांना घाई होती, एवढंच.

दिवाळीच्या तोंडावर गवत कापणीला आलं. त्याच आठवड्यात सायकलस्वारांनी झाडांना फिती बांधल्या, दगडांवर पांढऱ्या रंगाचे बाण काढले. त्यातला एक बाण राईच्या तोंडाशी असलेल्या दगडावर होता, जिथे पोर्णिमेला नारळ फुटतो. दोन दिवसांत सगळ्या फिती तुटून ओढ्यात गेल्या. त्या आठवड्यातच उतारावरून वेगात आलेली एक सायकल शेरडांच्या कळपात शिरली. शेरडं बिथरून चरांत पडली, एक करडू लंगडं झालं, राखणारी म्हातारी घाबरून खाली बसली. सायकलस्वाराने माफी मागितली, पैसेही पुढे केले. म्हातारीने पैसे घेतले नाहीत. “माझ्या रानात मलाच बाजूला हो म्हणतोस व्हय?” एवढंच ती म्हणाली, आणि संध्याकाळपर्यंत ते वाक्य गावभर झालं.

मग अफवा. वनखातं आता कुंपण घालणार, चराई बंद होणार, गायरान कुठल्या तरी कंपनीला जाणार. शहरात बसून या भीतीला अडाणीपणा म्हणणं सोपं आहे. पण याच जिल्ह्याच्या पश्चिमेला धरणं, अभयारण्य आणि पुनर्वसन यांच्या हकिकती घरोघरी आहेत. शेजारच्या चांदोलीतून उठलेल्या गावांची माणसं कोल्हापूर-सांगलीच्या गावांत राहतात. पहिल्यांदा कुणीतरी मोजणीला येतं, दगडावर रंगाची खूण करतं आणि मग काही वर्षांनी नोटीस येते, हा क्रम लोकांनी ऐकलेला आणि काहींनी पाहिलेला आहे. पांढरा बाण त्यांना सायकलची खूण म्हणून दिसणं शक्यच नव्हतं.

गावाने ठराव रद्द करण्याची मागणी केली. वनखात्याने अर्ज बाजूला ठेवला.

परवानगी नेमकी कुणाची

इथे थोडं थांबून कायद्याची बाजू पाहावी लागते, कारण दोन्ही बाजूंचे गैरसमज तिथेच होते. सायकलस्वारांना वाटत होतं की ग्रामसभेचा ठराव मिळाला म्हणजे झालं. गावाला वाटत होतं की ठराव दिला म्हणजे जमीनच दिली.

राखीव वनात भारतीय वन अधिनियम, १९२७ लागू होतो. तिथे विनापरवाना शिरणं, तोडणं, साफ करणं याला बंदी आहे. वनजमिनीचा वनेतर कामासाठी वापर करायचा तर १९८०च्या वन संरक्षण कायद्याखाली केंद्राची मंजुरी लागते. म्हणजे नवी वाट खणणं, लाकडी पूल बांधणं, उड्या मारायला मातीचे उंचवटे करणं या गोष्टी स्थानिक कार्यालयाच्या हातातल्या नाहीत. असलेल्या जाळरेषेवरून किंवा जुन्या पायवाटेवरून, वनखात्याच्या देखरेखीखाली, ठरावीक काळात जाऊ द्यायचं की नाही, हा प्रश्न त्या मानाने आटोक्यातला. गायरानाचं तर त्याहून नाजूक. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितली आणि त्यानंतर त्याच वर्षी जुलैमध्ये महाराष्ट्र शासनाने गायरानं इतर कामांना देण्यावर निर्बंध घालणारा निर्णय काढला. गायरान देण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला नाहीच. ती फार तर तिथल्या वहिवाटीबद्दल आपलं म्हणणं मांडू शकते. हे गावात आधी स्पष्ट सांगितलं असतं तर अर्धी भीती तिथेच विरली असती.

धनगरवाड्याचा प्रश्न आणखी वेगळा. २००६च्या वनहक्क कायद्यात चराईचा सामूहिक हक्क मागता येतो. पण अनुसूचित जमातीत नसलेल्यांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, त्या वनात वास्तव्य आणि वनावर अवलंबून असल्याचा पुरावा द्यावा लागतो. वाड्यावरच्या लोकांनी दावा केलेला नव्हता. दावा नाही म्हणजे हक्क नाही, असं सायकलस्वारांच्या गटातल्या एकाने बैठकीत म्हटलं. ते म्हणणं मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. कागद झालेला नाही एवढ्यावरून तिथली वहिवाट पुसली जात नाही, आणि सल्लामसलत तर वहिवाट असलेल्यांशीच करायची असते.

लोकांना विचारून निर्णय घेण्याची तरतूद आपल्या कायद्यात कुठे सर्वांत नीट लिहिली आहे म्हणाल, तर वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या संवर्धन राखीव क्षेत्राच्या कलमांत. पन्हाळ्याच्या पश्चिमेच्या मसाई पठाराला आता हाच दर्जा आहे. २००२च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ३६अ नुसार असं क्षेत्र जाहीर करण्याआधी स्थानिकांशी विचारविनिमय करावा लागतो. कलम ३६ब च्या समितीत हद्दीतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी, वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांचे तीन आणि कृषी व पशुसंवर्धन खात्यांचा प्रत्येकी एक असतो. पशुसंवर्धन खात्याला तिथे जागा आहे हे महत्त्वाचं. डोंगराचा विचार गुरांना वगळून करायचा नाही, हे कायदा लिहिणाऱ्यांना कळलं होतं. आपला डोंगर संवर्धन राखीव नाही, त्यामुळे ही रचना इथे बंधनकारक नव्हती. दुसऱ्या फेरीत मात्र बैठकीला कुणाकुणाला बोलवायचं, याची यादी या कलमावरूनच केली गेली.

अमेरिकेतली एक गोष्टही उपयोगी पडली. तिथे संघराज्याच्या जमिनीवर वाट काढायची तर १ जानेवारी १९७० रोजी लागू झालेल्या राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्याप्रमाणे पर्याय मांडावे लागतात, आणि त्यांत ‘काहीच करायचं नाही’ हा पर्याय धरावाच लागतो. आपल्याकडे लोकांपुढे प्रस्ताव येतो तो हो किंवा नाही म्हणण्यासाठी. नाही म्हणणारा मग विकासाचा विरोधक ठरतो. ‘आहे तसंच राहू द्या’ ही ओळ कागदावर पहिल्यापासून असली तर माणूस मोकळेपणी बोलतो.

दुसरी फेरी: बारा महिन्यांचा तक्ता

दुसऱ्या फेरीला सुरुवात केली ती गावातल्याच एका शिक्षिकेने आणि वनखात्याच्या गार्डने. सायकलस्वारांनी एक गोष्ट मान्य केली: नकाशा घेऊन जायचं नाही. रेघ दाखवली की लोक रेघेबद्दल बोलतात, डोंगराबद्दल बोलत नाहीत.

बैठका ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये झाल्या नाहीत. गवत कापणाऱ्या बायकांशी बोलणं झालं ते दुपारी भाकरी खायला त्या सावलीला बसतात तिथे, उतारावर. धनगरवाड्यावर संध्याकाळी धार काढून झाल्यावर. तरण्या पोरांशी तालमीच्या कट्ट्यावर. सासनकाठीच्या मानकऱ्यांशी देवळात. प्रत्येक ठिकाणी विचारायचा प्रश्न एकच: डोंगरावर तुम्ही कोणत्या महिन्यात, कुठे, कशाला जाता?

मग समाजमंदिराच्या फरशीवर खडूने बारा रकाने आखले, चैत्र ते फाल्गुन. इंग्रजी महिने घातले असते तर अर्ध्या लोकांना मनात हिशोब करून बोलावं लागलं असतं. प्रत्येक कामाला वेगळी खूण: गवताला काडी, जळणाला काटकी, गुरांना खडा, देवाला फूल, करवंदांना चिंचोका. आणि सायकलला बाटलीचं झाकण. ते सायकलस्वारांनी सगळ्यांत शेवटी ठेवायचं.

फरशी भरत गेली तसं डोंगराचं वर्ष उलगडलं. चैत्रात जोतिबाची यात्रा. पौर्णिमेच्या आधीचे दिवस गायरानातली पाणंद सासनकाठीची आणि तिच्यासोबत चालणाऱ्यांची. उंच काठी तोलत चालणाऱ्याला अचानक बाजूला होता येत नाही, हे मानकऱ्यांनी सांगितलं तेव्हा सगळ्यांच्या माना हलल्या. चैत्राचा शेवट आणि वैशाख करवंदांचा, जांभळांचा. भल्या पहाटे पाट्या घेऊन बायका वर जातात आणि उन्हं चढायच्या आत एसटीने कोल्हापूरच्या बाजारात पोचतात. ज्येष्ठात पाऊस लागला की उतार निसरडा, गुरं खालीच. आषाढ-श्रावणात ढग डोंगरावर बसतो, धनगर गुरं सड्याच्या कडेने फिरवतात. भाद्रपदात सडा फुलतो: गेंद, सीतेची आसवं, तेरडा, सोनकी, आणि कातळाच्या ओल्या भेगांत दवबिंदूसारख्या कीटकभक्षी वनस्पती. आश्विन-कार्तिक गवताचे. बाया पहाटेपासून अंधार पडेपर्यंत उतारावर. मार्गशीर्ष आणि पौषात भारे खाली आलेले असतात, गवत रचलेलं असतं. डोंगर त्या मानाने मोकळा. माघापासून वणव्याची धास्ती, वनखात्याची जाळरेषांची कामं, आणि फाल्गुनात पाणी आटलं की गवे खाली उतरतात.

सायकलस्वारांना हवे होते पावसाळ्यानंतरचे महिने. हवा छान, डोंगर हिरवा, माती बसलेली. म्हणजे नेमके आश्विन-कार्तिक, जेव्हा डोंगरावर गावाची सर्वांत जास्त माणसं असतात. पहिल्या फेरीत ही टक्कर कुणाला दिसली नव्हती, कारण नकाशावर महिने नसतात. झाकणं ठेवायची वेळ आली तेव्हा सायकलस्वारांनी ती स्वतःहून मार्गशीर्ष-पौषात सरकवली. कुणी सांगावं लागलं नाही. तोपर्यंत त्यांनी तासभर बसून इतरांचं वर्ष ऐकलेलं होतं.

जगात या पद्धतीला आधार आहे. न्यूझीलंडमध्ये हीफी ट्रॅक ही लांबलचक वाट १९९६ साली काहुरांगी राष्ट्रीय उद्यानात आली आणि तिच्यावर सायकल बंद झाली. पुढे २०११ पासून तिथे हिवाळ्यातल्या काही महिन्यांपुरती, प्रयोग म्हणून सायकल सुरू केली गेली. चालणाऱ्यांची गर्दी उन्हाळ्यात असते, म्हणून. जागा तीच, वापरणारे वेगळे, वाटणी मोसमाची. आपल्या गावांना तर ही वाटणी नवी नाहीच. गवत वाढेपर्यंत कुरण राखायचं आणि कापून झालं की गुरांना मोकळं करायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे.

रेघ कशी बदलली

महिने ठरल्यावर मग नकाशा बाहेर आला. वाट आखण्याचं एक शास्त्र आहे आणि ते सोपं आहे. डोंगराचा आडवा उतार जितका, त्याच्या निम्म्याहून जास्त चढ वाटेला असू नये, नाहीतर पाणी वाटेवरून बाहेर पडण्याऐवजी वाटेनेच धावतं आणि वाटेचा ओघळ होतो. उतार २० टक्के असेल तर वाटेचा चढ १० टक्क्यांच्या आत. एकूण वाटेचा सरासरी चढही १० टक्क्यांच्या आसपासच ठेवायचा, आणि मधूनमधून वाट थोडी खाली-वर करायची म्हणजे पाणी बाजूला फेकलं जातं. सरळ खाली उतरणाऱ्या वाटा सायकलस्वारांना आवडतात आणि पावसालाही आवडतात.

सायकलस्वारांकडे मोंटानातला १९९४ सालचा एक अभ्यास होता. ओल्या वाटेवर घोड्यांच्या खुरांनी आणि माणसांच्या पायांनी चाकांपेक्षा जास्त माती मोकळी होते, असा त्याचा निष्कर्ष. तो खरा आहे, आणि गुरांपेक्षा आम्ही कमी नुकसान करतो असं त्यांना त्यातून म्हणायचं होतं. धनगरवाड्यावरच्या एका मामांनी त्याला उत्तर दिलं ते वाटेवर नेऊनच. खुराचा खड्डा सुटा असतो, त्यात पाणी साचून मुरतं. चाकाची चाकोरी सलग असते, तिच्यातून पाणी पळतं. मृगाच्या पावसात चाकोरीचा चर कसा होतो, ते त्यांनी गेल्या पावसात झालेल्या ओघळावर दाखवलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. गुरं असलेल्या डोंगरावर चाकं आली की झीज खुरांची आणि चाकांची मिळून होणार, हा हिशोब तिथे उभ्या-उभ्या सगळ्यांना पटला.

सड्यावरचा भाग पूर्ण वगळला गेला. कातळावर मातीचा थर बोटभरही नसतो, त्यावरच ती सगळी फुलं. ओल्या शेवाळावरून एक टायर गेला तरी खूण उरते. कासचं उदाहरण इथे सगळ्यांना माहीत होतं. २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेल्यावर तिथे गर्दी वाढली, कुंपण घातलं गेलं, आणि मग गुरं थांबल्याने गवत माजून फुलांवर परिणाम झाल्याची तक्रार होऊन ते काढावं लागलं. आमच्या सड्यावर ना कुंपण हवं ना चाकं, असं म्हणणारे धनगर आणि गावात येणारे वनस्पतीशास्त्राचे अभ्यासक या एका मुद्द्यावर एका बाजूला होते.

समतल चर ओलांडायचे नाहीत, कारण चराचा बांध एका जागी दबला की पावसात तिथूनच फुटतो. म्हणून राखीव वनातला आडवा टप्पा जाळरेषेवर नेला, जी वनखातं तशीही साफ करतं. राईपासून वाट लांब. गायरानात जुनी पाणंद. आणि धनगरवाड्याच्या अंगाचा तो लांब उतार, ज्यासाठी सायकलस्वारांनी हा सगळा खटाटोप केला होता, तो गेला. वाड्यावरच्या लोकांनी त्याला शेवटपर्यंत होकार दिला नाही. कारणं दिली ती साधी: पोरं वाटेत खेळतात, कुत्री सायकलच्या मागे लागतात, आणि आम्हाला नको. तिसऱ्या कारणावर वाद घालायला सायकलस्वारांमधले काही तयार होते. त्यांना थांबवलं ते त्यांच्याच ज्येष्ठांनी.

गटात यावरून फूट पडली. वाट आता साधी, सपाट झाली, नवशिक्यांची झाली, असं म्हणत काही जण बाहेर पडले. मला त्यांचं दुःख कळतं. खऱ्या उताराची ओढ असणाऱ्याला जाळरेषेवरची फेरी पुरत नाही. पण ते बाहेर पडलेले आता बंद उतारावरून जाणार नाहीत याची हमी कुणाकडे नाही, आणि ही या प्रकरणातली सर्वांत कच्ची बाजू आहे.

अटी

लेखी झालं ते एका हंगामापुरतं, वनखातं, संयुक्त वन व्यवस्थापन समिती (गावकरी आणि वनखातं मिळून वन सांभाळणारी), ग्रामपंचायत आणि सायकल गट यांच्यात. मार्गशीर्ष आणि पौष; सकाळी उजाडल्यापासून अकरापर्यंत. संध्याकाळी नाही, गव्यांमुळे. दगडावर रंग नाही, खुणांच्या पाट्या काढता येतील अशा आणि हंगामानंतर काढायच्याच. गुरं दिसली की उतरून सायकल हातात धरायची. सायकलला घंटा, जी माउंटन बाइकवर सहसा कुणी लावत नाही.

एक अट बायकांनी घातली, जी पुरुषांच्या एकाही बैठकीत निघाली नव्हती: हेल्मेटवरचा कॅमेरा आणि ड्रोन बंद. वाकून काम करताना कुणीतरी चित्रण करून नेतं आणि ते मोबाइलवर फिरतं, याचा त्यांना राग होता. सायकलस्वारांना धक्काच बसला, कारण कॅमेरा त्यांच्या लेखी उताराचा होता. अट जशीच्या तशी मान्य झाली.

पैशांवरून मात्र बरेच दिवस गेले. प्रवेशशुल्क समितीकडे जमा व्हावं आणि जाळरेषेच्या मजुरीला लागावं, हे ठरलं. वाहनतळाचं कुणाच्या शेतात, भाडं कुणाला, यावर भावकीतलं जुनं भांडण वर आलं आणि शेवटी शाळेचं पटांगण फक्त रविवारपुरतं मिळालं. गावातल्या पोरांना शुल्क नाही, आणि जुनी रेंजर सायकल घेऊन येणाऱ्यालाही हेल्मेट गटाने द्यायचं, ही मागणी तालमीतून आली. वाट गावाची व्हायची असेल तर ती गावच्या पोरांच्या चाकाखालीही आली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. शहरातून आलेल्या महागड्या सायकली बघत पोरं कडेला उभी राहिली, तर पुढच्या वर्षी खुणेच्या पाट्या जागेवर राहणार नाहीत.

अपघात झाला तर जबाबदारी कुणाची, हा प्रश्न अर्धवटच सुटला. गटाने स्वतःच्या सदस्यांचा विमा काढला, प्रथमोपचाराची पेटी शाळेत ठेवली. एकटा आलेला बाहेरचा सायकलस्वार पडला तर काय, याचं उत्तर करारात नाही.

वाटेच्या तपासणीसाठी चार जागा ठरल्या, जिथे हंगामाआधी आणि हंगामानंतर एकाच कोनातून फोटो घ्यायचा. त्यातली एक जागा धनगरवाड्यावरच्या मामांनी निवडली, पाणी कुठे फुटणार हे त्यांना ठाऊक म्हणून. चाकोरी वीतभर खोल दिसली तर तो टप्पा बंद, चर्चा नंतर. फोटो १ मेच्या ग्रामसभेत ठेवायचे, आणि विषय या वेळी विषयपत्रिकेवर पहिला असेल. त्याआधीच्या महिलांच्या ग्रामसभेतही तोच विषय, ‘आहे तसंच राहू द्या’ या पर्यायासह. दरम्यान ग्रामपंचायतीची निवडणूक आहे. नवा सरपंच हा कागद पुढे चालवेल की नाही, हे गावात कुणीच छातीठोकपणे सांगत नाही.